विषारी बी आणि मिशेलिनचा तारा

इंडोनेशिया आणि मलेशियाच्या पावसाळी जंगलांत केपायांग नावाचा एक उंच वृक्ष वाढतो. त्याच्या फळात जाड कवचाच्या बिया असतात आणि त्या ताज्या बियांत हायड्रोजन सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. जंगलातून उचलून कुणी कच्ची बी खाल्ली, तर ते जिवावर बेतू शकतं. तरीही तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून तिला खाण्याजोगं केलं. बिया आधी उकळायच्या, मग राख, केळीची पानं आणि माती यांत साधारण ४० दिवस पुरून ठेवायच्या. या सगळ्यात विष निघून जातं आणि आतला पांढरट गर काळा होतो. बाजारात येते ती ही तयार बी. तिचं नाव बुआ केलुआक.

घरी आणल्यावर पुढचं काम सुरू होतं. बिया तीन ते पाच दिवस पाण्यात भिजवायच्या, पाणी रोज बदलायचं, कवचाच्या खाचांतली माती ब्रशनं घासून काढायची. कवचाच्या एका बाजूला गुळगुळीत पट्टी असते. तिथे टोकदार हत्यारानं हलके हलके ठोकून तोंड पाडायचं. जोर जास्त झाला, की अख्खं कवच फुटतं आणि बी वाया जाते. मग बारीक चमच्यानं गर कोरायचा आणि प्रत्येक बीचा गर वेगळा हुंगून पाहायचा, कारण एक खवट बी सगळं मिश्रण बिघडवते. चांगला गर कोळंबी किंवा डुकराचा खिमा, मीठ आणि साखर घालून कुटायचा आणि पुन्हा त्याच कवचांत दाबून भरायचा. एवढं झालं, की त्या बिया कोंबडीबरोबर चिंचेच्या आंबट-तिखट रश्श्यात शिजायला जातात. जेवणारा कवचातून काळा गर काढतो आणि भातात कालवतो. कडवट कोको, काळं ऑलिव्ह आणि पावसाळी अळंबी यांच्या मधली कुठली तरी चव जिभेवर येते. पहिल्या घासाला माणूस जरा बिचकतो, पण दुसऱ्या घासानंतर बहुतेक जण कवच तळापर्यंत कोरतात.

हा पदार्थ म्हणजे ‘आयाम बुआ केलुआक’, मलय मुलखातल्या पेरानाकान समाजाच्या स्वयंपाकातलं मानाचं पान. आठवडाभर राबून करायचा आणि पंधरा मिनिटांत संपवायचा हा पदार्थ परदेशी पाहुण्यांपुढे येण्याची शक्यता मुळातच कमी होती. ती वेळ आली उंची रेस्टॉरंटांमुळे.

सिंगापूरच्या डेम्प्सी हिल भागात ब्रिटिश फौजेच्या जुन्या बराकी आहेत. फौज गेली, झाडी राहिली आणि लांबलचक कौलारू इमारतींत रेस्टॉरंटं, गॅलऱ्या, दुकानं आली. त्यातलं एक नाव ‘कँडलनट’. माल्कम ली या तरुण शेफनं ते २०१० मध्ये शहरात दुसरीकडे सुरू केलं आणि पुढे ते डेम्प्सीला आलं. २०१६ मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडची सिंगापूरची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात कँडलनटला तारा मिळाला आणि जगात मिशेलिनचा तारा मिळवणारं ते पहिलं पेरानाकान रेस्टॉरंट ठरलं. तिथल्या ठरलेल्या पंगतीचं नाव ‘आ-मा-कासे’. जपानी ‘ओमाकासे’मध्ये काय खायचं ते शेफ ठरवतो. इथे ‘आ-मा’ म्हणजे आजी ठरवते, असा तो विनोद. याच रेस्टॉरंटानं बुआ केलुआकचं आइस्क्रीमही केलं, चॉकलेट आणि किंचित मिरचीबरोबर. ऐकताना चमत्कारिक वाटतं. पण त्या गराची चव कोकोच्या किती जवळची आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही जोडी अगदी सरळ वाटेल.

सिंगापूरला आलेला प्रवासी अशा ठिकाणी बसतो, मेन्यू उघडतो आणि बुचकळ्यात पडतो. नावं मलय भाषेतली, सॉस चिनी, मसाला अर्धा ओळखीचा, डुकराचं मांस भरपूर आणि शेवटी नारळ-गुळाची मिठाई. मग हे जेवण नक्की कुणाचं?

याचं उत्तर मोसमी वाऱ्यांत आहे. एका मोसमात चीनकडून येणारी गलबतं आजच्या मलेशियातल्या मलाक्का बंदराला लागायची आणि परतीचा वारा सुरू होईपर्यंत व्यापाऱ्यांना महिनोन्‌महिने तिथेच मुक्काम करावा लागायचा. पंधराव्या शतकात मलाक्काची सल्तनत ही पूर्व-पश्चिम व्यापाराची मोठी पेठ होती. हांग ली पो नावाची चिनी राजकन्या पाचशे सेवकांसह मलाक्काच्या सुलतानाशी लग्न करायला आली आणि तिथून पेरानाकान जमात सुरू झाली, अशी एक झकास दंतकथा मलय बखरीत आहे. चिनी दरबाराच्या नोंदींत मात्र त्या राजकन्येचा पत्ता नाही. खरी गोष्ट साधी असावी. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, विशेषतः फुजियान प्रांतातले होक्कियन व्यापारी एकटे आले, त्यांनी स्थानिक बायकांशी संसार थाटले आणि त्यांची मुलं तिथलीच झाली. पुढच्या पिढ्या आपसांतच लग्नं करू लागल्या. हेच ते पेरानाकान. पुरुषांना म्हणत बाबा, बायकांना न्योन्या. देवघरात चिनी पूर्वज, अंगावर मलय सारोंग आणि केबाया, तोंडात होक्कियन शब्दांची पेरणी केलेली मलय बोली. याच न्योन्यांच्या चुलीवर पेरानाकान स्वयंपाक तयार झाला.

पोर्तुगीजांनी मलाक्का १५११ मध्ये घेतलं, डचांनी १६४१ मध्ये, आणि १८२४ च्या करारानं ते ब्रिटिशांकडे आलं. १८२६ मध्ये ब्रिटिशांनी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर एका कारभाराखाली आणलं. बाबांची चलती झाली ती या काळात. त्यांना मलय येत होतं, चिनी व्यापाऱ्यांशी नातं होतं आणि इंग्रजी ते झपाट्यानं शिकले. गोऱ्या कंपन्यांना असाच दुवा हवा होता. व्यापार, जहाजं, कथील, पुढे रबर यांत पैसा आला आणि त्या पैशातून मोठी घरं उभी राहिली. मलाक्काच्या जुन्या हीरेन स्ट्रीटवर अशी घरं आजही आहेत. रस्त्यावरून पाहिलं तर दर्शनी भाग अरुंद, आत गेलं तर चौक, मग आणखी एक चौक आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. त्यातल्या एका घरात आता बाबा-न्योन्या संग्रहालय आहे.

त्या मागच्या खोलीत मुलींचं बालपण आणि तारुण्य जायचं. सुखवस्तू घरातली न्योन्या मुलगी वयात आली, की लग्न होईपर्यंत तिचं बाहेर जाणं जवळपास बंद. तिनं शिकायचं ते मणीकाम, भरतकाम आणि स्वयंपाक. म्हणूनच पदार्थाला किती वेळ लागतो याचा हिशोब त्या घरांत कुणी केला नाही. वेळ भरपूर होता आणि तो बायकांचा होता. आज उंची रेस्टॉरंटात या जेवणाचं कौतुक करताना ही बाजू नजरेआड करू नये. ज्या बारकाईवर आपण खूश होतो, ती पिढ्यान्‌पिढ्या घरात कोंडलेल्या बायकांच्या फुकटच्या श्रमावर उभी राहिली.

स्वयंपाकाचा पाया म्हणजे रेम्पाह, ओलं वाटण. त्यात छोटे कांदे, सुक्या आणि ओल्या मिरच्या, ओली हळद, गवती चहाचा पांढरा बुंधा, कुलिंजन आणि कँडलनट. कँडलनट हे जंगली अक्रोडासारखं तेलकट बी. त्यात तेल इतकं, की ते पेटवून दिव्यासारखं वापरत, म्हणून हे नाव. कच्चं खाऊ नये, पोट बिघडतं. रश्श्याला दाटपणा आणतं ते हेच. मसाला दगडी खलात कुटायचा किंवा पाट्यावर वाटायचा आणि त्यालाही क्रम ठरलेला. कठीण आणि चिवट जिन्नस आधी: गवती चहा, कुलिंजन, हळद. मग मिरच्या. कांदे सगळ्यात शेवटी, कारण त्यांना पाणी सुटलं की बाकीचं नीट कुटलं जात नाही, उडतं. कुटण्याच्या आवाजावरून मुलगी कामाची आहे की नाही हे लग्न जुळवणाऱ्या बायका ओळखत, असं सांगतात. लय सारखी असेल तर हात तयार, अडखळत असेल तर पुढचं घर बघा!

वाटण मग तेलात परतायचं, मंद आचेवर, तेल सुटेपर्यंत. या वाक्याचा अर्थ मराठी घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तेल कडेनं वेगळं झालं, कच्चा वास गेला आणि रंग गडद झाला, की पुढचे जिन्नस पडतात. घाई केली तर रस्सा उग्र लागतो आणि मग तो कशानंही सुधारत नाही. प्रमाणाला मात्र माप नाही. न्योन्या बायका म्हणायच्या ‘आगाक-आगाक’, म्हणजे अंदाजानं, हाताला कळेल तसं. त्यांच्या नातींनी वजनकाटा घेऊन आजीच्या मागे फिरायला सुरुवात केली, ती बरीच नंतर.

वाटणात आणखी एक गोष्ट असते आणि ती आवडेल की नाही हे ज्याच्या त्याच्या नाकावर आहे. तिचं नाव बलाचान. आपल्या किनाऱ्यावर ज्याला जवळा म्हणतात त्याच कुळातली चिमुकली कोळंबी मीठ लावून आंबवायची, वाळवायची, कुटायची आणि घट्ट वड्या थापायच्या. मलाक्काचा बलाचान नावाजलेला. त्याची चकती विस्तवावर भाजली की वास गल्लीच्या टोकाला जातो. भाजलेला बलाचान लाल मिरच्यांबरोबर कुटून वर छोट्या लिंबाचा रस पिळला, की सांबाल बलाचान तयार. पेरानाकान जेवणात ही चटणी नसेल, तर ताट अपुरं समजायचं. सुकटीच्या चटणीवर वाढलेल्या कोकणी माणसाला हा वास परका वाटण्याचं कारण नाही.

मलय आणि चिनी हे दोन हात एकाच कढईत कसे चालतात, ते पाहायचं असेल तर ‘बाबी पोंगते’ मागवावा. डुकराचं मांस, आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, भरपूर लसूण-कांदा आणि गूळ घालून हळूहळू शिजवलेला हा दाट, गोडसर रस्सा. पदार्थाची ठेवण मलय, नाव मलय, पण तो मुसलमान मलय शेजाऱ्याच्या ताटात जाऊ शकत नाही. शेजाऱ्याकडून पद्धत घेतली आणि मांस आपलं ठेवलं. कोंबडी घालून तोच पदार्थ केला, की त्याचं नाव ‘आयाम पोंगते’.

हे जेवण सगळीकडे एकसारखंही नाही. पेनांग उत्तरेला, थायलंडच्या बाजूला, म्हणून तिथे आंबट आणि तिखट यांचं राज्य. मलाक्का आणि सिंगापूर दक्षिणेला, तिथे नारळाचं दूध आणि गोडवा जास्त. एकाच नावाच्या लाक्साचे दोन वाडगे शेजारी ठेवले तर हे लगेच कळतं. दक्षिणेतला लाक्सा केशरी, नारळाच्या दुधाचा, कोळंबी आणि शेवयांचा. सिंगापूरच्या काटोंग भागात तर शेवया तुकडे करून घालतात, नुसत्या चमच्यानं खाता याव्यात म्हणून. पेनांगच्या आसम लाक्सात नारळाचा थेंब नाही. रस्सा बांगड्याचा, चिंचेचा आणि आसम गेलुगोरच्या वाळवलेल्या चकत्यांचा (हे फळ आपल्या कोकमाच्या कुळातलं). वर पुदिना, अननस, काकडी, आल्याच्या जातीतल्या एका गुलाबी फुलाच्या पाकळ्या आणि काळी, गोडसर कोळंबीची पेस्ट. कुठला श्रेष्ठ, यावरून मलेशियात भांडणं होतात. बांगड्याच्या तिखल्यावर जीव असलेल्यानं पेनांगच्या बाजूनं मत द्यावं, हे उघड आहे.

या किनाऱ्याचं आपल्या किनाऱ्याशी नातंही जुनं. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्यानंतर १६४१ पर्यंत ही दोन्ही बंदरं एकाच साम्राज्याच्या साखळीत होती. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यानंतर त्यांचं शव काही काळ मलाक्काच्या टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चमध्ये पुरलं होतं आणि तिथून ते गोव्याला आणलं गेलं. पोर्तुगीज आणि स्थानिक यांच्या संसारांतून मलाक्कात क्रिस्तांग समाज तयार झाला. त्यांच्या ‘कारी देबाल’मध्ये व्हिनेगर, मोहरी आणि मिरच्या असतात. विंदालू खाल्लेल्या जिभेला तो आंबट तिखटपणा ताबडतोब ओळखू येतो, फक्त त्याच्या मागे गवती चहा आणि कुलिंजन उभे असतात. नाताळात होणारं त्यांचं ‘फेंग’ तर सोरपोतेलच्या घरचंच वाटतं. आपण ज्या मिरच्या इतक्या हक्कानं वाटतो, त्या मूळच्या अमेरिकेतल्या. पोर्तुगीज व्यापारानं त्या भारतात आणल्या आणि आग्नेय आशियात त्यांचा प्रसारही बराचसा याच वाटेनं झाला.

पेरानाकान म्हणजे फक्त चिनी वंशाचे, असंही नाही. मलाक्कात व्यापारासाठी आलेल्या तमिळ लोकांचे वंशज स्वतःला चिट्टी म्हणवतात. बोली मलय, पेहराव सारोंगचा, धर्म हिंदू. त्यांचं श्री पोय्यात विनायगर मूर्ती मंदिर १७८१ मधलं आहे आणि ते मलेशियातल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांत मोजलं जातं. मलाक्काच्या जुन्या पेठेत फिरताना मशीद आणि चिनी देऊळ यांच्या शेजारी गणपती दिसला, तर दचकू नये.

बाबांच्या भरभराटीच्या काळात लग्नं बारा दिवस चालायची. मेजवानीला ‘तोक पांजांग’, म्हणजे लांबच लांब टेबल मांडायचं आणि त्यावर सगळे पदार्थ एकदम. भांडी चीनमधून खास मागवलेली, गुलाबी, पोपटी, आकाशी रंगांची, त्यांवर फिनिक्स पक्षी आणि पिओनीची फुलं. चिनी वंशाचे असूनही ही मंडळी पूर्वी हातानं जेवायची, पुढे काटा-चमचा आला. ही भांडी पाहायची असतील तर सिंगापूरच्या आर्मेनियन स्ट्रीटवर पेरानाकान संग्रहालय आहे, १९१२ च्या एका शाळेच्या इमारतीत. २००८ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय डागडुजीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. जेवायला जाण्याआधी तिथे तासभर घालवला, तर रात्री ताटात काय आलंय ते जास्त कळतं.

मग हे वैभव ओसरलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, जपानी अमलात अनेक घराणी खचली. दागिने गेले, घरं गेली. ओढगस्तीतल्या न्योन्या बायका घरी मिठाई करून विकायला देऊ लागल्या. युद्धानंतर मुली शाळा-कॉलेजात गेल्या, नोकऱ्या करू लागल्या, मोठ्या घरांच्या जागी फ्लॅट आले. आठवडाभर बिया भिजवायला कुणाकडे सवड? स्वयंपाक डोक्यात होता, कागदावर नव्हता. आजी गेली, की तिच्याबरोबर वीस-पंचवीस पदार्थ जायचे.

तो कागदावर उतरवणाऱ्यांत एक नाव ठळक आहे. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांच्या मातोश्री चुआ जिम नियो. त्या हातखंडा न्योन्या स्वयंपाकी होत्या आणि सिंगापूरमधल्या परदेशी बायकांना स्वयंपाक शिकवायच्या. त्यांचं ‘मिसेस लीज कुकबुक’ १९७४ मध्ये निघालं. पुढे राष्ट्राध्यक्ष वी किम वी यांच्या पत्नीच्या पाककृती त्यांच्या मुलीनं पुस्तकात आणल्या. सत्तेच्या शिखरावरच्या घरांतलं हे जेवण होतं, आणि तरी ते विसरलं जाण्याच्या बेतात होतं.

रेस्टॉरंटांची लाट यानंतरची. सिंगापूरच्या तांजोंग पागार भागातलं ‘ब्लू जिंजर’ १९९५ पासूनचं. खाद्यपत्रकारितेतून आलेल्या व्हायोलेट ऊन यांनी २०१५ मध्ये नॅशनल गॅलरीच्या भव्य इमारतीत ‘नॅशनल किचन’ सुरू केलं. पेनांगमध्ये बे गैक लिन या घरच्या स्वयंपाकात तयार झालेल्या बाईंच्या साध्यासुध्या ‘आंटी गैक लिन्स ओल्ड स्कूल ईटरी’ला क्वालालंपूर-पेनांगच्या मिशेलिन गाइडच्या पहिल्याच आवृत्तीत तारा मिळाला. तिथे बराकही नाही आणि आइस्क्रीमचे प्रयोगही नाहीत. म्हणजे परीक्षकांनाही दोन्ही वाटा पटल्या म्हणायच्या.

उंची रेस्टॉरंटात हे जेवण खरं राहतं का, हा वाद तिथे जोरात चालतो. म्हाताऱ्या न्योन्या बायकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: आमच्या घरी यापेक्षा चांगलं होतं. त्यात अहंकार आहे आणि तथ्यही आहे. एकेक पदार्थ चिमटीनं सजवून वेगळ्या बशीत आला, की मधोमध भांडी ठेवून सगळ्यांनी वाटून खाण्याची मजा जाते. आमटी, भात आणि भाजी एकेक करून वाढली तर मराठी माणसाला जे वाटेल, तेच इथे होतं. पण दुसरी बाजू जास्त वजनदार आहे. जे काम आज घरात कुणी करणार नाही, ते पगार देऊन, शिकवून, रोज करून घेणारी जागा म्हणजे रेस्टॉरंट. बुआ केलुआक भिजवणं, घासणं, कोरणं याला माणसं लागतात आणि त्या माणसांचे पैसे बिलात येतात. बिल जड असतं, पण या एका पदार्थापुरतं तरी ते वाजवी आहे.

गोडाकडे वळलं, की बिल एकदम हलकं होतं आणि मजा वाढते. न्योन्या मिठाईला ‘कुए’ म्हणतात. तांदळाचं किंवा चिकट तांदळाचं पीठ, नारळ, माडाचा गूळ आणि पांडानची हिरवी, सुवासिक पानं, एवढ्यावर शेकडो प्रकार. ‘ओंदे-ओंदे’ ही हिरवी गोळी ओल्या खोबऱ्यात घोळवलेली असते आणि आत गुळाचा खडा वितळून पाक झालेला असतो. ती अख्खी तोंडात टाकायची. अर्धी चावली, तर पाक थेट शर्टावर. ‘पुलुत ताई ताई’ म्हणजे वाफवलेल्या चिकट भाताचे निळे-पांढरे तुकडे. तो निळा रंग गोकर्णाच्या फुलांचा. आपल्या कुंपणावर फुलणारी ही निळी फुलं तिथे वाळवून, पाण्यात चुरून भाताला रंग देतात. माडाचा गूळ त्या भागात बांबूच्या नळीत ओतून दंडगोल करतात आणि मलाक्काच्या नावानं ‘गुला मलाका’ म्हणून विकतात. ही मिठाई खायला उंची रेस्टॉरंट नको. सिंगापूरच्या काटोंग आणि जू चियाटच्या रस्त्यांवरची दुकानं पुरे.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. मेन्यूवर भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी, असं इथे नसतं. पालेभाजीत बलाचान, कोबी-शेवयांच्या ‘चाप चाय’मध्ये सुकी कोळंबी, सॅलडमध्येही कोळंबीची पेस्ट. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘बलाचान नको, सुकी कोळंबीही नको’ असं नाव घेऊन सांगावं लागतं, आणि वाटण आधी करून ठेवलेलं असल्यानं ऐन वेळी ते जमतही नाही. टेबल राखतानाच कळवलं तर चांगली रेस्टॉरंटं सोय करतात. कुए बहुतेक शाकाहारी असते, पण दोन थरांच्या ‘कुए सालात’च्या हिरव्या थरात अंडं असतं.

सिंगापूरची सहल आखणाऱ्या मराठी कुटुंबाच्या यादीत युनिव्हर्सल स्टुडिओ असतो, नाइट सफारी असते आणि रात्रीचं जेवण लिटिल इंडियात. त्यातली एक रात्र काढून पेरानाकान टेबल राखावं. चार जण असाल तर एकेकट्याच्या बशा न मागवता आयाम बुआ केलुआक, पोंगते, एखादा आंबट मासळीचा रस्सा, सांबाल आणि भरपूर भात मागवून वाटून खावं. हातात आणखी एक दिवस असेल तर बसनं मलाक्का गाठावं. अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. वाटेत सीमेवर पासपोर्ट तपासणी असते आणि भारतीय पासपोर्टवर मलेशियाच्या प्रवेशाचे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी ते नक्की पाहून घ्या.